चार नंबरच्या सेन्सरवरचा श्वास

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे ज्याच्यासोबत घडलं तो माझा सख्खा धाकटा भाऊ आहे, आणि त्याला थापा मारता येत नाहीत.

मंगळवार होता. भर दुपार, जेवणाची सुट्टी. जागा, कोल्ड स्टोरेजची दोन नंबरची खोली. आत उणे अठरा अंश.

तिथं गॅसवर चालणाऱ्या फोर्कलिफ्ट फिरतात. त्यांच्या धुरातल्या विषारी वायूला ना रंग, ना वास. म्हणून भिंतीवर ओळीनं चार सेन्सर. आकडा पस्तीसवर गेला की भोंगा वाजणार.

ते सांभाळायचं काम भावाकडे नुकतंच आलं होतं. आधी ते सांभाळणारे मास्तर दोन महिन्यांपूर्वी वारले होते.

वारले, पण गेले नव्हते. जो तो म्हणायचा, “मास्तर असते तर...”

भाऊ आतल्या आत जळायचा.

“अहो, मेलेल्या माणसाचा कसला हेवा करता?” त्याची बायको हसायची.

“जिवंत माणसाला हरवता तरी येतं!”

सेन्सरच्या पोटात द्रव असतो. वायू त्याला भिडला की बारीकसा करंट वाहतो, त्याचाच आकडा दिसतो. थंडीत हा द्रव आळसावतो, आकडा कमी दाखवतो. म्हणून मास्तर सेन्सर रात्रभर थंडीतच ठेवायचे, आणि सकाळी तिथंच कुडकुडत, मोजून भरलेला गॅस सोडून आकडा जुळवायचे.

भावानं तेच काम उबदार ऑफिसात, टेबलावर, दहा मिनिटांत उरकलं.

“मास्तरांना दोन दिवस लागायचे रे!” मॅनेजर म्हणाले.

त्या एका वाक्यावर तो आठवडाभर तरंगत होता.

मग हमालांची डोकी दुखायला लागली.

“उन्हातून बर्फात शिरता, दुखणारच,” तो म्हणाला.

चूक त्याला कळली होती. पण कबूल केली असती, तर मास्तर पुन्हा जिंकले असते.

त्या दुपारी तो एकटाच आत गेला. पंखे बंद. माणूस नाही. चारही सेन्सरवर अठ्ठावीस.

आणि मग... चार नंबरचा आकडा हलला.

अठ्ठावीस... तेहतीस... अठ्ठावीस... तेहतीस.

वायू असा ये-जा करत नाही. पण गार सेन्सरवर ओलसर, गरम हवा पडली की आकडा क्षणभर उडी मारतो.

कुणीतरी तोंड जवळ नेऊन श्वास सोडावा, तसा.

त्यानं स्वतःचा श्वास रोखला.

आकडा चालूच...

“कोण आहे?”

चार नंबर शांत झाला. तीन नंबर हलायला लागला.

मग दोन...

मग एक. हा दाराशेजारचा. भावापासून दोन पावलांवर.

तोही थांबला.

...आणि भावाच्या छातीवर लावलेल्या, तोच वायू मोजणाऱ्या छोट्या मीटरचा आकडा हलला. मानेवर गरम, ओला श्वास आला. उणे अठरामध्ये.

दुसरा कुणी पळाला असता. हा ओरडला, “मेलात तरी माझंच काम तपासताय?”



रागारागानं त्यानं टेस्ट गॅसचा सिलिंडर आणला आणि तिथंच सेन्सरवर सोडला. गॅस पन्नासचा, म्हणजे आकडाही पन्नासच यायला हवा होता.

आकडा आला एकोणतीस.

म्हणजे अठ्ठावीस दिसत होते, तेव्हा खोलीत खरे जवळजवळ पन्नास होते. आणि जेवणाची सुट्टी संपायला सात मिनिटं उरली होती.

त्यानं दार अडवलं, हमालांना बाहेरच थांबवलं, आणि मॅनेजरांना सगळं सांगितलं. आपली चूकसुद्धा. श्वासाचं तेवढं सोडून.

मॅनेजर आधी चिडले. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “कबूल केलंस, बरं झालं. मास्तरही असेच होते.”

घरी आल्यावर तो जेवला नाही.

आता तो थंडीतच आकडे जुळवतो. सेन्सर अगदी स्थिर आहेत. मला वाटलं, संपलं.

परवा माझ्याकडे आला.

“दादा, पलीकडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नवा माणूस लागलाय. त्याच्या सेन्सरचे आकडे दुपारी वरखाली होतात म्हणे. श्वासासारखे.”

“बरं झालं की! तुझी सुटका झाली.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्या नजरेनं मला अजून झोप लागत नाही.

“मास्तर त्याच्याकडे जातात,” तो म्हणाला. “मग माझ्याकडे का येत नाहीत?”