कठड्यातली फट

ही गोष्ट घडलेली आहे. आमच्याच घरात घडलेली आहे.

कुणाला पटवत बसायचं माझं वय राहिलं नाही, आणि हौसही नाही. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. फक्त शेवटपर्यंत वाचून हसावं, एवढंच.

साल एकोणीसशे त्र्याहत्तर. मार्गशीर्षातली संध्याकाळ, दिवेलागणीची वेळ.

जागा... सोलापूरहून होटगीला येणाऱ्या रस्त्यावरची ओढ्याची फरशी.

आम्ही होटगीचे. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. वडिलांना अप्पा म्हणायचो, आईला अव्वा. अप्पांचं नाव तिप्पण्णा. सोलापूरच्या एका गिरणीत ते साच्यावर कापड विणायचे. गावातले आणखी काही जण त्याच गिरणीत होते. होटगी जंक्शन असूनही गाडीची वेळ पाळीला कधी जुळायची नाही, म्हणून सगळे सायकलीनं जायचे आणि सायकलीनं यायचे.

माझा थोरला भाऊ संगप्पा त्याच वर्षी गिरणीला लागला होता. आम्ही त्याला संगू म्हणायचो. पहिल्या पगारात त्यानं सायकल घेतली, जुनीच, पण नखरा असा की नवरदेवाच्या घोड्याला लाजवेल. हँडलला रेशमी गोंडे, मडगार्डला खोबरेल तेल. आणि घंटी तर काय विचारू नका. गल्लीच्या टोकाला वाजली की अव्वा चुलीवर तवा टाकायची.

"एवढं देवाला पुसलं असतंस तर पुण्य तरी लागलं असतं," मी म्हणायची.

"तू बसतीस का कॅरिअरवर? मग पुण्य तुला देतो की," असं त्याचं उत्तर.

असा होता तो. एकोणीस वर्षांचा.

आता त्या फरशीबद्दल सांगते.

दुष्काळात लोकांनी खडी फोडून तो रस्ता रुंद केला. फरशी मात्र जुनीच राहिली. फरशी म्हणजे ओढ्यावरचा ठेंगणा, अरुंद पूल. एक ट्रक आला की सायकलवाल्यानं पार कडेला व्हायचं. आणि कडेला काहीच नव्हतं. कठडा नाही, साधा दगडही नाही. खाली दीड पुरुष खोल ओढा आणि नुसते धोंडे.

संगूच्या आधीही माणसं पडली होती तिथं. बाहेरगावची, वाटसरू, लेकरं घेऊन जत्रेला निघालेली. कोण कुठली, पुढं काय झालं, कुणी फारसं विचारलं नाही. त्यात मीही आले.

त्या दिवसांत रॉकेल मिळत नव्हतं. सगळ्यांनी दिवे लावणं परवडत नव्हतं. म्हणून अप्पांच्या मंडळींनी एक रीत पाडली होती. पुढं एकानं दिवा लावून चालायचं, बाकीच्यांनी एकामागं एक त्याच्या मागं यायचं. दिवा अप्पांकडे असायचा. फरशीवर कुणी मागं वळून बघायचं नाही, कारण मान वळली की हँडल वळतं. मग सगळे पार झाले हे पुढच्याला कळायचं कसं?

शेवटच्यानं फरशी ओलांडली की दोनदा घंटी वाजवायची.

घंटी वाजली की अप्पा पायडल जोरात मारायचे. घंटी म्हणजे सगळे सुखरूप.

शेवटची जागा खरं तर जाणत्या माणसाची, भीमाची. भीमा अप्पांचा जिवाभावाचा सोबती. पण संगूला घंटी वाजवायची भारी हौस. त्यानं भीमाच्या मागं लागून ती जागा घेतली होती.

त्या संध्याकाळी ही माणसं फरशीवर आली. तेवढ्यात मागून ट्रक आला. पुढच्यांना ओलांडून गेला. धुरळा असा उठला की अप्पांना स्वतःचा दिवाही दिसेना.

अप्पा पलीकडे जाऊन थांबले. कान मागं लावले.

धुरळ्यातून काहीच ऐकू येईना.

मग...

घंटी वाजली. दोनदा.

सगळ्यांच्या जिवात जीव आला. अप्पांनी पायडल मारलं आणि मंडळी घराकडे सुटली.

घरी आल्यावर अव्वानं विचारलं, "संगू कुटं हाय?"

"येईल की. ठेसनावर च्या पीत बसला असंल," अप्पा म्हणाले. तशी त्याची सवयच होती.

तवा तापून गार झाला. मग अप्पा स्टेशनवर गेले. तिथून भीमाच्या घरी. तिथून कंदील घेऊन सगळे रस्त्यानं मागं गेले. वाटेवर सगळीकडे शोधलं, पण फरशीखाली कुणी बघितलं नाही. बघणार तरी कशाला? फरशी तर सगळ्यांनी ओलांडली होती. घंटी वाजली होती.

उजाडल्यावर तो सापडला. फरशीच्या खाली, धोंड्यांत. पाय सायकलीखाली अडकलेला.

अंगठा घंटीवर होता.

डॉक्टर म्हणाले, पडल्यावरही पोरगं बराच वेळ जिवंत असणार.

जवळच्या रानात धनगरांच्या मेंढ्या बसल्या होत्या. त्यांच्यातली केराबाई पुढं आली. ती बोलली ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

"लई वेळ वाजत हुती बया घंटी. म्या म्हटलं, पोरं खेळत्यात."

तेव्हा अप्पांना कळलं. संगू 'पार झालो' म्हणून सांगत नव्हता. तो हाक मारत होता. आणि ती हाक ऐकूनच त्यांनी पायडल मारलं होतं.

त्यानंतर माझ्या बापाला मी कधी हसताना पाहिलं नाही.

आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला पुरतात. स्वामींनी सगळं रीतीप्रमाणं केलं.

तेरा-चौदा दिवसांनी अप्पा परत कामाला जाऊ लागले. पहिल्याच संध्याकाळी मंडळी फरशी ओलांडून आली. शेवटी भीमा होता. त्यानं दोनदा घंटी वाजवली.

कुणी पायडल मारलं नाही. सगळे उतरून उभे राहिले. एकमेकांची तोंडं बघून खात्री केली.

सगळे होते.

आणि मग...

खालून, ओढ्यातून, घंटी वाजली.

एकदा नाही, दोनदा नाही. वाजतच राहिली. हळूहळू बारीक होत गेली आणि थांबली.

खाली उतरून पाहिलं तर नुसते धोंडे. संगूची सायकल आमच्या पडवीत होती. तिची घंटी तर अप्पांनी काढून ओढ्याकाठीच पुरली होती.

पुढं हे रोजचंच झालं. एकेक जण ती वाट सोडून रेल्वेच्या रुळाकडेनं जाऊ लागला. अप्पांनी वाट सोडली नाही. ते रोज तिथं उतरायचे, खाली जायचे, अंधार पडेपर्यंत धोंड्यांत उभे राहायचे. भीमा वर सायकली धरून थांबायचा.

स्वामी घरी आले. म्हणाले, "तिप्पण्णा, आपल्यात भूत नसतं. पोरगं लिंगैक्य झालं, शिवात मिळालं."

"मग घंटी कोण वाजवतंय, स्वामी?" अप्पांनी विचारलं.

स्वामींनी अंगाऱ्याची पुडी दिली आणि ते गेले. त्यांचा तरी काय दोष.

मग अप्पांनी कठड्याचा ध्यास घेतला. कचेरीत जायला लागले. हिंदुराव नावाचे ओव्हरसियर होते. माणूस वाईट नव्हता, पण सरकारी काम अन् सहा महिने थांब.

"अहो, सायकलवाल्यांनी जरा जपून चालवावी," ते म्हणाले. "रस्ता मोटारींसाठी असतो."

"मोटारी किती हायत साहेब आमच्या गावात? सायकली मोजा की," अप्पा म्हणाले. "एक कठडा द्या. कडेनं हातभर वाट द्या. माझा गेला, तो काय माघारी येत न्हाय. पर दुसऱ्या कुणाचा अंगठा तसा घंटीवर ऱ्हाऊ नये."

हिंदुरावांनी मान खाली घातली, असं भीमा सांगायचा. तरी पुढची दोन वर्षं गेलीच.

शेवटी काम आलं. मडिवाळप्पा गवंडी आला, दगड आले. दोन्ही अंगांना कमरेएवढा कठडा चढू लागला. मला वाटलं, आता अप्पांना झोप लागेल.

अव्वा तोवर त्या जागेकडे फिरकली नव्हती. काम संपत आलं तेव्हा म्हणाली, "नागू, मला तितं घिऊन चल."

आम्ही दोघी चालत गेलो. तिनं कठड्यावरून हात फिरवला. चांगला मजबूत आहे म्हणाली. मग खाली ओढ्यात बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"समदं बंद केलं व्हय? मग माझा संगू वर कुटनं येणार?"

मडिवाळप्पाच्या हातातली थापी तशीच राहिली. दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी कठडा मागितला आणि ही गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

मडिवाळप्पानं चार दगड काढून बाजूला ठेवले. एक माणूस निघेल एवढी फट ठेवली.

"उद्या साहेब बघायला येणार हायत, आक्का," तो हळू म्हणाला. "त्याच्या आत बुजवावी लागंल. आज काय ते करा."

त्या संध्याकाळी अप्पांनी दिवा भीमाच्या हातात दिला. स्वतः शेवटी राहिले.

तिथं काय झालं ते भीमानं सांगितलेलं. तो फरशी ओलांडून थांबला. मागं वळला नाही. त्याला अप्पांचा आवाज ऐकू आला.

"संगू... बस. घरला जाऊ."

मग बराच वेळ काही नाही.

मग सायकलीची कुरकुर. कुणी मागं बसल्यावर स्प्रिंग दबते ना, तशी.

अप्पांनी फरशी ओलांडली. दोनदा घंटी वाजवली. खालून त्या दिवशी काही वाजलं नाही. होटगीपर्यंतचा रस्ता सपाट आहे, पण अप्पा चढावर असल्यासारखे धापा टाकत होते.

मी आणि अव्वा दारात उभ्या होतो. अव्वाच्या हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या, माझ्या हातात कंदील. अप्पा आले. सायकलीवरून उतरले नाहीत. एक पाय जमिनीवर टेकून, मान समोर ठेवून अव्वाला म्हणाले, "गंगा, उतरून घे त्याला. मी मागं बघितलं न्हाय."

मी कंदील वर केला.

कॅरिअर रिकामं होतं.

पण मागचं टायर... जमिनीला टेकून पसरलं होतं. भरलं पोतं ठेवल्यावर पसरतं, तसं.

अव्वानं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पाणी ओतलं. मग हात पुढं केला.

आणि तशीच थबकली.

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी झरकन येऊन गेलं. मला तेव्हा समजलं नाही. मग ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "ये बाबा. आत ये."

टायर हळूच वर आलं.



"आला?" अप्पांनी विचारलं.

"आला," अव्वा म्हणाली.

अप्पांनी पाय धुतले, पोटभर जेवले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा गाढ झोपले. सकाळी मडिवाळप्पानं फट बुजवली. घंटी पुन्हा कुणी ऐकली नाही. हळूहळू सगळे सायकलवाले त्या रस्त्याला परत आले.

अप्पा पुढं बरीच वर्षं जगले. पोराला घरी आणलं, या समाधानात गेले.

ते गेल्यावर एका दुपारी मी आणि अव्वा ज्वारी निवडत बसलो होतो. ती खाली मान घालूनच म्हणाली, "नागू, एक सांगायचं हाय. तुझ्या अप्पाला म्या कधी सांगितलं न्हाय."

"काय?"

"त्या दिशी माझ्या हातात जो हात आला... तो संगूचा नव्हता."

मी सुपातला हात काढून घेतला.

"संगूचा हात मला ठावं न्हाय व्हय? साच्यावर राठ झालेला. हा एवढासा हुता. माझ्या मुठीत मावला. मनगटाला काळे मणी हुते. चार-पाच वर्साचं पोर असंल कुणाचं तरी. गार पडलं हुतं."

"मग तू आत कशाला घेतलंस अव्वा?"

अव्वानं माझ्याकडे असं बघितलं, की मी विचारलं याची मलाच लाज वाटली.

"दारात आलेलं लेकरू माघारी धाडू व्हय? त्याची आई किती वर्सं वाट बघून मेली असंल, कुणाला ठावं. कुणाचं का असंना, लेकरूच की ते."

तिनं पुन्हा ज्वारी निवडायला घेतली. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती.

"आणि आपला संगू?" मी विचारलं.

ती सूप उचलून आत गेली. त्यावर नंतरही कधी बोलली नाही. आता तीही नाही.

कठडा अजून आहे. दगडी आहे, भक्कम आहे. तो झाल्यापासून तिथं एकही सायकलवाला खाली गेला नाही. माझ्या बापानं केलेलं ते काम आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण त्या सकाळी मडिवाळप्पानं फट बुजवली तेव्हा माझा भाऊ कठड्याच्या कुठल्या बाजूला होता... हे मला आजही माहीत नाही.