दोनशे अठरा नंबरचं झाड

निशातबाई कामाला वाघ होती. अहेरीची बाई, बोलायला गोड, पण वहीत एक आकडा चुकला की समोरच्याची धडगत नाही. आलापल्लीच्या पुढे सागाच्या जंगलात एका संस्थेचं केंद्र आहे. तिथं पंचवीस वर्षांपासून दर हिवाळ्यात तीच ती झाडं मोजतात. प्रत्येक झाडाला नंबराचा बिल्ला. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर टेप गुंडाळायचा, घेर सेंटिमीटरमध्ये लिहायचा, आणि झाड जिवंत की मेलेलं ते लिहायचं. संपलं. ऐकायला किती सोपं! पण पंचवीस वर्षांच्या वह्या, त्यातल्या निम्म्या उधईनं चाखलेल्या, कोणाचा सात एकासारखा तर कोणाचा एक सातासारखा... हे सगळं एका जागी आणून जुळवायचं म्हणजे डोकं पिकतं. ते काम आठ महिन्यांपासून निशातबाईंकडे होतं.

आल्या आल्या त्यांनी एक शिस्त लावली. टेपवाल्यानं आकडा ओरडायचा, लिहिणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवायचा, आणि टेपवाल्यानं 'बरोबर' म्हटल्यावरच पुढच्या झाडाकडे जायचं. सुरुवातीला गडी हसले. मग सवय इतकी अंगात भिनली की स्वयंपाकवाल्या देवकाबाईनं "दोन पोळ्या वाढू?" विचारलं तरी गडी "दोन पोळ्या, बरोबर" म्हणायचे.

शनिवारी सगळी माहिती वरच्या ऑफिसला पाठवायची होती. चौतीस हजार ओळी जुळल्या. एक ओळ जुळेना. प्लॉट सात, झाड दोनशे अठरा. घेर शहाऐंशी. मागच्या साली शहाऐंशी, त्याच्या मागच्या साली शहाऐंशी, अकरा वर्षं शहाऐंशीच. आता साग म्हटलं की तो वाढणार, मेलेला असेल तर सुकणार. अकरा वर्षं जागच्या जागी राहणारं झाड कोणी पाहिलंय? आणि दर साली पुढे एकाच हातानं लिहिलेलं, 'जिवंत'.

तो हात दादाजींचा होता. सावली गावाकडचे, ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरचे, साठीला टेकलेले. केंद्रावर सगळ्यात जुने.

"राहू द्या नं बाई थे झाड," ते म्हणाले. "काऊन खोदून राह्यल्या?"

"दादाजीभाऊ, शंका ठेवायची नाही. उद्या आपण दोघं जाऊ. टेप तुमचा, लिहिणार मी."

देवकाबाई चुलीपाशी होती, तिचा हात थांबला. मग तिनं पुन्हा फुंकणी उचलली.

शुक्रवारी सकाळी नऊला ती दोघं मोटारसायकलवर निघाली. बारा किलोमीटर रस्ता, पुढे पायवाट. ऊन चांगलं पडलं होतं. सागाची पानं गळून खाली वाळली होती, पाय पडला की पापडासारखी मोडायची. निशातबाईंच्या हातात टॅब होता. वह्या बंद करून त्यांनीच तो आणवला होता. प्रत्येक झाडापुढे तीन खाने, जिवंत, मृत, सापडलं नाही. एकदा पक्कं केलं की ओळीला कुलूप. कोणी मागाहून खाडाखोड करू नये म्हणून हे कुलूपही त्यांनीच घालून घेतलं होतं.

"दोनशे सोळा, एकशे चार, जिवंत."

"दोनशे सोळा, एकशे चार, जिवंत."

"बरोबर."

असं करत दोनशे सतरा झालं. बारा वाजत आले होते. दादाजी चार पावलं पुढे गेले आणि थांबले. समोर काहीच नव्हतं. झाड नाही, खुंट नाही, खड्डाही नाही. तेंदूची दोन झुडपं आणि मोकळी जागा. दादाजींनी डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला.

"दोनशे अठरा," ते हळू आवाजात म्हणाले. "शहाऐंशी. जिवंत."

"कुठाय झाड?"

"लिवा नं बाई."

"अहो, झाड कुठाय?"

दादाजी खाली बसले. टेपचं टोक बोटाला गुंडाळू लागले.

"झाड नाई थे. या प्लॉटात झाडं दोनशे सतराच. थे लच्छू व्हय. देवकाचा नवरा." त्यांनी बोटानं मोकळी जागा दाखवली. "अकरा साल झाले. इथीच जेवाले बसलो होतो. मस्करी चालली होती. आमच्यातल्या कोलूनं लच्छूच्या छातीले टेप गुंडाळला अन् ओरडला, दोनशे अठरा, शहाऐंशी, जिवंत! सारे हासले. मी बी हासलो. अन् वही हातातच होती... लिवून टाकलं."

"मग?"

"मंग लच्छू नाल्यावर पानी आनाले गेला. आलाच नाई. पंधरा दिवस धुंडलं बाई. पोलीस आले, जंगलखात्याचे आले. वाघानं नेलं म्हनावं तं चप्पल बी भेटली नाई. दुसऱ्या साली मोजत मोजत इथी आलो अन् पाय हलेना. मी आपलं लिवलं, शहाऐंशी, जिवंत. तवा पाय सुटला. देवका एकच इचारते दर साली, 'लिवलं का भाऊ?' मी म्हनतो, लिवलं. ती अजून कुंकू लावते... माह्याच हातानं झालं नं हे. म्या नसतं लिवलं तं?"

तोंडावर तिखट असली तरी बाई मनानं कठीण नव्हती. पण दुसऱ्या दिवशी शनिवार होता. चौतीस हजार ओळींच्या डोक्यावर ही एक खोटी ओळ बसलेली. झाडांच्या यादीत माणूस! उद्या कोणी पकडलं तर अख्ख्या पंचवीस वर्षांवर बोट.

"भाऊ, मी जिवंत नाही लिहू शकत."

"मंग 'सापडलं नाई' लिवा. खरं तं थेच हाये."

आणि खरंच, खरं तेच होतं. पण 'सापडलं नाही' लिहिलं की ती ओळ उघडी राहते. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा शोधायला यावं लागतं, वर खुलासा द्यावा लागतो. निशातबाईंना शेवट हवा होता. कारण विचाराल तर एवढंच, ओळ मिटली की झालं.

"दोनशे अठरा," त्या म्हणाल्या, मोठ्यानं, कारण न म्हणता लिहायची सवयच उरली नव्हती. "मृत."

दादाजींनी "नका बाई" म्हणेपर्यंत टॅबवर 'पक्कं' वर बोट पडलं होतं.

किडे किरकिरत होते, ते थांबले. वारा नव्हताच. कुठून तरी ओल्या चिखलाचा वास आला, तळ्याचं पाणी आटल्यावर येतो तसा. या उन्हात, या कोरड्या जंगलात.

मग तेंदूच्या मागून आवाज आला. सावकाश, एकेक अक्षर जपून, पाठ म्हणून दाखवल्यासारखा.

"दोनशे अठरा... मृत...?"

"बरोबर," निशातबाई म्हणाल्या.

शब्द तोंडातून निघून गेला. आठ महिन्यांची सवय, दुसरं काय! आणि मग त्यांच्या लक्षात आलं की दादाजी त्यांच्या पायाशी बसले आहेत, त्यांचं तोंड मिटलेलं आहे आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. प्लॉटात तिसरं माणूस नव्हतं.

"या अल्लाह... भाऊ, कोण बोललं?"

"चाला," दादाजी उठले. "चाला बाई, मांगं नका पाहू."

टेप तिथंच राहिला. पायवाटेवर त्या दोनदा ठेचाळल्या. मोटारसायकलवर मागं बसून त्या टॅबवर सारखं बोट दाबत होत्या. दोनशे अठरा, बदला. बदल होणार नाही. पुन्हा दाबलं. बदल होणार नाही. एका ओळीसाठी आपण काय करून बसलो, एवढंच डोक्यात घुमत होतं.

केंद्रावर पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. चूल विझलेली. देवकाबाई ओट्यावर बसली होती. कपाळ धुतलेलं. दोन्ही मनगटं मोकळी, एका मनगटावर ओरखडा, आणि हिरव्या काचा तिनं सुपात गोळा करून ठेवल्या होत्या, कोणाच्या पायाला लागू नयेत म्हणून.

दादाजी भिंतीला धरून खाली बसले.

"देवकाबाई..." निशातबाई ओट्याजवळ आल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तोच सांगून गेला." देवकाबाईचा आवाज अगदी साधा होता. "बाराच्या टायमाले आला. म्हने, बाईनं पक्कं केलं, आता मले थांबता येत नाई."

"कोण... लच्छू?"

"दर हिवाळ्यात येत होता बाई. भाऊनं लिवलं का त्या दिवशी एक डाव इथी याचा. आंगनातच बसाचा. बोलत नोता जास्त. भात खाचा अन् जाचा." तिनं सुपातला एक तुकडा बोटानं आत सरकवला. "कोनाले सांगितलं नाई म्या. साल साल त्याच्यावरच काढत होती. तुमचं काय जात होतं बाई, एक ओळ ठेवाले?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, कोणीतरी आपल्याला थोबाडीत द्यावी आणि हे सगळं परत सकाळपासून सुरू करावं. त्या तिच्यासमोर मातीतच बसल्या. "माफ करा मले," एवढं कसंबसं म्हणाल्या. देवकाबाईनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

मग ती उठली, सूप कडेला ठेवलं आणि पदर नीट केला.

"तो गेला," ती म्हणाली. "पन त्याच्या संग जो आलता नं, तो नाई गेला अजून."

"संग कोण होतं?" दादाजींनी विचारलं.

"मी नाई वळखलं भाऊ. पहिल्यांदाच आलता. लच्छू त्याले भेत होता, इतकं दिसलं." तिनं निशातबाईंच्या ऑफिसच्या खोलीकडे हनुवटी उडवली. "म्हने, बाईनं मले 'बरोबर' म्हटलं, बाईशी पुढच्या ओळीचं काम हाये, मी आत बसतो. म्या म्हनलं, बसा."

ऑफिसच्या दाराला सकाळी लावलेलं कुलूप तसंच लटकत होतं. किल्ली निशातबाईंच्या पर्समध्ये होती. आणि आत कोणीतरी कॉम्प्युटरवर एका बोटानं, थांबून थांबून, अक्षर शोधत, काहीतरी टाइप करत होतं.