हंडीचा पोचा आणि कोंडीचा गाळ

आमच्या कोंडीचं पाणी लाल कसं झालं, हे कोडं मला पडलं ते ऐन उडी मारायच्या वेळी! कोंड म्हणजे ओढ्यातला खोल डोह. आंबेवळणच्या मुलांनी दहा वर्षं पुरी झाली की कातळावरून कोंडीत उडी मारायची, ही आमच्याकडची रीत. २०६१च्या मार्चमध्ये मी दहाची झाले. कातळावर चढून खाली बघते तर काय, सगळा लाल चिखल! माझी उडी राहिली. मी भोकाड पसरलं, सांगायला लाज कसली?

"डोंगरावरच्या लोखंडाच्या खाणीचा गाळ आहे हा," गाव म्हणालं.

"छे हो! कोकणची मातीच लाल. तीच वाहून आली असेल," खाणीचे मॅनेजर दळवीसाहेब म्हणाले.

माझी आत्या भूगर्भशास्त्रज्ञ (जमिनीच्या पोटातले दगड-माती अभ्यासणारी). तिने तिचा यंत्रमानव आणला, गाळोबा. फणसाएवढा, सहा पायांचा आणि बडबड्या.

"पर्णाबाई, मार्चमध्ये पाऊस पडला का?" त्याने मला विचारलं.

"नाही."

"मग माती वाहून आणली कोणी?" असं म्हणून त्याने चिमूटभर गाळावर प्रकाश टाकला. त्याच्या पोटात वर्णपटमापक होता (प्रकाशावरून पदार्थातली मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र). "प्रत्येक मातीत लोखंड, मँगनीज वगैरेंचं प्रमाण वेगळं असतं. बोटाच्या ठशासारखं. हा ठसा गावच्या मातीचा नाही. खाणीतून उपसून सोडलेल्या पाण्यातल्या गाळाचा आहे!"

गाळोबाचा निकाल गावाला सांगायला रविवारी देवळात सभा भरली. दळवीसाहेब आले, ते दोन कामं घेऊन. लेकीच्या लग्नाला त्यांनी देवळाची भांडी नेली होती, ती परत करायची होती. शिवाय एक घोषणा करायची होती. "कंपनी गावाला फरशी लावलेला तरणतलाव भेट देणार!"

लोक खूश झाले. माझे बाबासुद्धा टाळ्या वाजवायला लागले! गेली माझी कोंड, मला वाटलं.

तेवढ्यात देवळाची भांडी सांभाळणाऱ्या आबा गुरवांनी परत आलेली मोठी हंडी फिरवून बघितली. आमच्या देवळात पाटीच आहे : 'आधी अनामत. नेताना मोजून, देताना घासून.' आबा म्हणाले, "साहेब, हंडीला पोचा आलाय."

"अरेरे! अनामतीतून दुरुस्त करून घ्या. आमच्या हातून झालं, आम्हीच भरून द्यायला हवं."

मला राहवलं नाही. "काका, हंडीचा पोचा तसाच ठेवून आम्हाला वाढायचा नवीन डाव भेट दिला असता, तर चाललं असतं?"

आबा एवढे हसले, एवढे हसले, की त्यांना ठसकाच लागला. दळवीसाहेबांचे कान मात्र लाल झाले.

आत्या उठली. "पर्णाने सांगितलं त्याला प्रदूषक देय तत्त्व म्हणतात (ज्याने बिघडवलं, त्यानेच निस्तरायचं). कोंड साफ करायचा भार गावावर पडला, तर खाणीला गाळ सोडणं फुकट पडतं. फुकट आहे म्हटल्यावर कोण काळजी घेणार? पण तोच भार कंपनीवर टाकला, की आधीच निवळण-तळं बांधणं (गाळ खाली बसू देऊन स्वच्छ पाणी सोडणारं तळं) तिला परवडतं. म्हणून तर नव्या कायद्याने खाणीचीही अनामत आधीच घेतली आहे. ती वापरूया."

दळवीसाहेबांनी हंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हरलो बुवा! तरणतलाव नको. कोंडच घासून देतो."

त्यांनी शब्द पाळला. गाळ उपसला, वर निवळण-तळं झालं. पुढच्या मार्चला गाळोबा निरोप घ्यायला आला. चंद्रावर पहिली खाण निघणार होती, आणि तिथली माती आधीच मोजून ठेवायला त्याची नेमणूक झाली होती.

"तिथे कोण पोहणार आहे?" मी विचारलं.

"आज कोणी नाही. पण उद्या एखादी पर्णा येईल की!"

मग मी कातळावर चढले. खाली पाहिलं, तर तळातली पांढरी वाळू दिसत होती. अकरा वर्षांची घोडी झाले होते, तरी नाक दाबलं आणि धप्पकन उडी मारली!