गुडघ्यांना चिकटलेला मुरूम

मुखरू पालथा पडला होता आणि त्याच्या उजव्या हाताशी कुऱ्हाड होती.

फारूकने कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला. सिंदेवाहीत त्याचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, पासपोर्टचे फोटो, आणि पंचनामा असला की पोलिसांची जीप दारात. माणूस स्वतःच्या नजरेवर भलताच खूश, जंगलाला मात्र मनापासून भ्यायचा. त्यात आज समोर पडलेला माणूस ओळखीचा निघाला.

दोन हजार चारचा नोव्हेंबर होता. ओढ्याकाठी गवत माणसाला झाकेल एवढं वाढलेलं. पायवाटेवर वाघाचे पंजे स्पष्ट उमटले होते आणि घाव मानेवर मागून बसला होता. ठाणेदार उइकेंना यात शोधण्यासारखं काही दिसत नव्हतं. राखीव जंगल, एकटा माणूस, हाताशी कुऱ्हाड. लाकडं चोरायला आला आणि वाघाने धरला, असं ते हवालदाराला सांगत होते.

मुखरूची बायको गुणाबाई तिथेच मातीत बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"वाघानं नेला त नेला, साहेब," ती म्हणाली. "पन चोर नोका लिवू. माही मयुरी मंग चोराची पोरगी होते."

उइके वाईट माणूस नव्हते. पण डोळ्यांना दिसतं ते सोडून लिहायचं तरी काय, असा त्यांनाही प्रश्न पडला होता.

गुणाबाईचा धाकटा भाऊ गुलाब तिच्या मागे मान खाली घालून उभा होता. तो आणि मुखरू दोघेही पियुष नावाच्या नागपूरच्या पोराकडे कामाला होते. पियुष वाघ मोजायचा. झाडाला गुडघ्याइतक्या उंचीवर कॅमेऱ्याची पेटी बांधायची. समोरून काही ऊबदार अंगाचं हललं की फोटो आपोआप निघायचा. या ओढ्यावरही एक पेटी लावायला सांगून पियुष नागपूरला गेला होता. गुलाबचं म्हणणं असं, की ते काम दोघांनी उद्यावर टाकलं होतं आणि तो स्वतः सकाळपासून बाजारात होता. खरंच, आसपासच्या एकाही झाडाला पेटी नव्हती.

फारूक फोटो घेत राहिला. कुऱ्हाड जवळून टिपायला वाकला, तेव्हा त्याला जरा विचित्र वाटलं. पाचोळ्यावरचं रक्त वाळून काळं झालं होतं आणि कुऱ्हाड त्या वाळलेल्या रक्तावर टेकली होती. तिला स्वतःला डाग नव्हता. शिवाय तोडलेलं एक फाटंसुद्धा कुठे दिसेना. मग शिपायांनी मुखरूला उताणा केला. तळहातांत लाल मुरूम रुतून बसला होता. पँटच्या दोन्ही गुडघ्यांनाही तोच मुरूम चिकटला होता.

"वाघानं ओढला असंल," उइके म्हणाले.

"ओढला असता त पायाची बोटं घासली असती, साहेब. ते साफ हायेत. मंग तळहातच काऊन भरले?"

"तू फोटो काढ ना बाप्पा."

फारूकने फोटो काढले, पण घरी गेल्यावर त्याला जेवण गेलं नाही. बायको साबिराने ताट परत नेलं. आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला पियुषचे रोल आठवले. ते रंगीत रोल धुवायला त्याच्याच दुकानातून चंद्रपूरच्या लॅबला जायचे. प्रत्येक रोलचा पहिला फोटो बघून तो पोट धरून हसायचा. चांगला मिशीवाला माणूस हातापायांवर रांगतोय! एकदा त्याने विचारलं, तेव्हा पियुषने सांगितलं होतं: पेटी बांधली की एकाने वाघासारखं चालून दाखवायचं, आणि दुसऱ्याने पेटीशी बसून लाल दिवा लागतो का ते पाहायचं.

म्हणजे मुखरू कामावर होता. आणि पेटीशी कुणीतरी बसलं होतं.

सकाळी फारूकने पियुषची खोली गाठली. पोरगा नुकताच परतला होता आणि बातमीने पार खचला होता.

"पेट्या सगळ्या आहेत?"

"आहेत. मोजल्या मी."

"ओढ्यावरची कोनती होती?"

पियुषने कोपऱ्यातल्या बिनकुलपाच्या ट्रंकेतून एक पेटी काढली. पट्ट्यावर झाडाच्या सालीचा ताजा भुसा होता. त्याने किल्लीने पेटी उघडली आणि बघत राहिला. नवा कोरा घातलेला रोल थोडा पुढे सरकला होता.

"किल्ली कोनापाशी राह्यते?"

"माझ्याचकडे. नागपूरलाही माझ्याजवळच होती."

फारूकने रोल घेतला, चंद्रपूरची बस धरली आणि फोटो हातात पडेपर्यंत लॅबमधून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात त्याने एकच फोटो टेबलावर ठेवला. उइके, पियुष, गुणाबाई आणि गुलाब, सगळे भोवती होते. फोटोत मुखरू हातापायांवर होता. दात विचकलेले, जीभ हातभर बाहेर, डोळ्यांत हसू. त्याच्या पाठीला अगदी लागून, गवतात, पट्टे दिसत होते.

गुणाबाईने पदर तोंडात कोंबला.

फारूकला आपली हुशारी मांडायची हौस होती; आज ती नकोशी झाली होती. तरी त्याने सांगितलं. मुखरू चोरी करायला गेला नव्हता, पेटीपुढे रांगत होता, म्हणून मुरूम तळहातांना आणि गुडघ्यांना. रक्त वाळल्यावर कुणीतरी परत आलं, कुऱ्हाड ठेवली आणि पेटी सोडवून नेली. एकटा माणूस आणि कुऱ्हाड दिसली की दुसऱ्या माणसाची चौकशी होणार नव्हती. आणि दुसरा होताच. मुखरूची नजर पेटीच्या वर, कुणाच्या तरी तोंडाकडे आहे.

उइकेंनी पियुषकडे बोट केलं. "नागपूरचं नाव सांगून हाच तिथं होता."

"नाई, साहेब. याच्यापाशी किल्ली होती. यानं रोल काढून टाकला असता. ज्याले पेटी उघडता येत नव्हती, त्यानं ती तशीच ट्रंकेत ठेवली." फारूकने फोटो गुणाबाईपुढे सरकवला. "आनि मुखरूभाऊ पियुष सरांपुढं चप्पलसुद्धा काढून उभा राहे. त्यांच्यापुढं तो जीभ काढन काय? गुणाबाई, असं तोंड तो कोनाले करून दाखवे?"

तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. जावयाची अशी थट्टा घरात एकाच माणसाशी चालायची.

"साळ्याले," ती म्हणाली.

गुलाब भिंतीला टेकून खाली बसला.

"बाई, मी बाजारात नोयतो गेलो," तो बहिणीला म्हणाला. "मले वाघ दिसला. मुखरू भाटव्याच्या मागं. मी तोंड उघडलं, पन आवाजच निंगला नाई. त्याले वाटलं, मी सोंग करून राह्यलो. म्हनून त्यानंबी जीभ काढली."

मग तो पळाला होता. दुपारी परत आला, आणि तू का नाही ओरडलास हे बहीण विचारेल या धाकाने पुढचं सगळं केलं. ज्याच्यासाठी ती गाव जमा करून रडत होती, त्यालाच त्याने चोर केलं, आणि तेही तिला तोंड दाखवता यावं म्हणून.

उइकेंनी गुणाबाईला समजावून सांगितलं. मुखरू कामावर मेला असं लिहायचं, तर कुऱ्हाड कुणी ठेवली हेही लिहावं लागेल. खोटा पुरावा उभा केला म्हणून गुलाबला आत घ्यावं लागेल. तिला ते नको असेल तर पहिलाच कागद राहील, लाकूडचोरीचा. तिसरा रस्ता त्यांना सुचत नव्हता आणि ते त्यांनी कबूलही केलं.

गुणाबाईने भावाकडे पाहिलं. त्याला तिनेच कडेवर घेऊन वाढवलं होतं.

"लिवा, साहेब. माह्या मालकाचं खरं लिवा."

तिने अंगठा उमटवला आणि शाई पदराला पुसली. शिपायाने गुलाबला दंडाला धरून उठवलं, तशी तीही उठली.

"याले कवा सोडान?" तिने विचारलं. "धान उभा हाय वावरात. कापाले घरी आता दुसरा गडी नाई."

उइकेंनी अंगठ्याचा कागद फाइलीत ठेवला. फारूकने टेबलावरचा फोटो उचलला आणि मुखरूचं हसरं तोंड आतल्या बाजूला करून पाकिटात घातला.