न उघडलेली एकोणीस पत्रं

मंगळावरच्या गेरूवाडीच्या संदेशगृहात डॉ. कालिंदी पाटणकर एकटीच बसली होती. तिचा मुलगा ओजस जाऊन तीन दिवस झाले होते. समोरच्या पडद्यावर पृथ्वीवरच्या धाकट्या भावाची, श्रीरंगची, एकोणीस पत्रं बंदच होती. तिने शपथ घेतली होती ना! शपथपत्रावर पहिली सही तिचीच होती.

पृथ्वीशी भांडण पेटलं तेच मुळी पत्रांवरून. दर रविवारी सगळी गेरूवाडी जेवणघरात जमायची आणि आलेली पत्रं एकमेकांना वाचून दाखवायची. त्याला 'उघडणी' म्हणत. पृथ्वीच्या महामंडळाने नेमका त्यावरच कर बसवला. एक पत्र उघडलं की महिन्याच्या वाट्यातून तासाभराचा प्राणवायू कापला जाई. आईचं पत्र वाचायचं तर श्वास मोजून द्यायचे! महामंडळात मंगळाचा एकही माणूस नव्हता. तीन अर्ज गेले, आणि उत्तरादाखल मंगळाच्या फोबोस या चंद्रावरच्या करठाण्यात सशस्त्र पहारेकरी आले.

तेव्हा कालिंदीनेच सभेत समजावलं होतं, "पत्र कुलूपबंद येतं. आपण उघडलं की फोबोसच्या ठाण्याला खूण जाते आणि कर लागतो. पाठवणाऱ्याला आधी 'पोहोचलं' दिसतं, मग 'उघडलं'."

"म्हणजे उघडलंच नाही, तर कर नाही," अभियंता घाटगे म्हणाले.

"बरोबर. पण आत काय लिहिलंय तेही कळणार नाही."

या शेवटच्या वाक्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. खरं सांगायचं तर तिनेही नाही.

सगळ्यांनी एकही पत्र न उघडण्याची शपथ घेतली. पुढे पृथ्वीची पत्रं एकाएकी वाढली. "घाबरले लेकाचे!" म्हणून घाटगे हसले. मग फोबोसवरची यानं तापू लागलेली दिसली. आता हल्ला होणार, असं ठरवून गेरूवाडीच्या तरुणांनी आधीच घाव घातला. त्यांच्यातले सात गेले, पहारेकऱ्यांतले अकरा. ठाणं हाती आलं आणि जेवणघरात स्वातंत्र्याची घोषणा झाली. त्या सातांतला ओजस चोवीस वर्षांचा होता.

ठाणंच आपलं, तर आता कर कसला? कालिंदीने श्रीरंगचं पहिलं पत्र उघडलं.

'ताई, कर रद्द झाला! या रविवारची पहिली उघडणी ओजसला करू दे. फोबोसवरचे लोकही परत निघालेत, यानांत सामान भरतायत.'

तारीख एकोणीस दिवसांपूर्वीची होती. कालिंदीने पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका बाहेर पडलाच. पुढची पत्रं नुसती विनवण्यांची होती. शेवटचं कालचं होतं.

'ताई, उद्यापासून बंडखोरांचं एकही पत्र उघडायचं नाही, अशी शपथ आम्ही इथे घेतोय. मीही घेणार आहे. त्या अकरांत माझा एक विद्यार्थी होता. आज तरी बोल गं.'

तिने लिहिलं, 'श्रीरंग, आम्ही पत्रं उघडलीच नव्हती. चुकलो रे. लढाई थांबवा.'

प्रकाशाला जायला वीस मिनिटं लागतात, परतायला वीस. घाटगे दारात येऊन उभे राहिले. "काय लिहिलंय हो, कालिंदीताई?" त्यांनी विचारलं.

चाळीस मिनिटांनी पडद्यावर शब्द उमटला, 'पोहोचलं'.

ती दुसऱ्या शब्दाची वाट बघत बसून राहिली. पलीकडे जेवणघरात तरुण पोरं नव्या तुकडीसाठी नावं देत होती.