सलूनच्या डब्यात राहिलेला चष्मा

चष्मा आणायला गेला होता तो. दुसरं काही नाही. बायकोचा विसरलेला चष्मा. जायचं, उचलायचा, परत यायचं.

सांगतो. आधी तो मोबाईल खाली ठेवा दोघं. सुट्टीत कुठल्या आगगाडीतून फिरायचं यावर मघापासून तुम्हा बहीणभावांची जुंपली आहे, ते ऐकतोय मी. ती समुद्राच्या कडेकडेने जाणारी गाडी चांगली आहे. मी स्वतः गेलोय, डावीकडची खिडकी धरा. तो काचेच्या छताचा डबाही बघा, मान दुखेल पण बघाच. फक्त ती डोंगरावरची छोटी गाडी आहे ना... जिच्या शेवटच्या स्टेशनावर जुन्या इंजिनांचं संग्रहालय आहे आणि तिथेच रात्री राहायची सोय आहे... ती नको.

का म्हणून विचारू नकोस, सांगतोच आहे. आणि पंख्याचं बटण बंद कर, उगाच कुरकुरतोय.

माझा साडू तुम्हाला माहीत आहेच. विम्याचे दावे तपासायचा. कुणाचं गोदाम जळालं, कुणाची गाडी दरीत गेली, की कंपनी ह्याला पाठवायची खरं-खोटं बघायला. त्याच्या पोटाचा धंदाच संशय. घरीसुद्धा तेच. दूधवाला, इस्त्रीवाला, सख्खा भाऊ, कुणाच्या शब्दावर म्हणून विश्वास नाही. आम्ही त्याला ‘पंचनामा’ म्हणायचो, तोंडावर. त्याला त्याचा अभिमानच होता.

मागच्या डिसेंबरात, दुसऱ्या शनिवारी, तो आणि माझी मेहुणी त्या डोंगरावरच्या गाडीतून गेले. गाडी सुरेख आहे, खोटं का बोलू. इतकी हळू चालते की वळणावर आपलंच इंजिन आपल्याला खिडकीतून दिसतं. बोगद्यात शिरली की पोरं ओरडतात, मोठी माणसंही ओरडून घेतात. वर पोचल्यावर संग्रहालय. जुन्या इंजिनांची लांबलचक शेड, रंगरंगोटी करून ओळीने उभी केलेली इंजिनं, सिग्नलचे दांडे, कंदील, आणि एका टोकाला कुण्या बड्या साहेबासाठी बांधलेला सलूनचा डबा. मखमली खुर्च्या, पितळी दिवे. त्यात बसून फोटो काढू देतात.

मेहुणीने फोटोसाठी चष्मा काढला आणि तिथेच विसरली; नवऱ्याच्या खिशात आहे असं समजून त्याचा हात धरून फिरत राहिली. जेवण झालं, खोलीवर आले, ती पुस्तक घेऊन बसली, तेव्हा लक्षात आलं. तिचा नंबर केवढा आहे बघितलंय ना? चष्म्याशिवाय समोरचा माणूस म्हणजे तिला नुसता एक आकार.

“राहू दे, सकाळी आणू,” ती म्हणाली.

“सकाळपर्यंत राहतोय होय!” हा म्हणाला. “झाडणाऱ्यानेच ढापला असेल एव्हाना.”

स्वेटर चढवला आणि निघाला. दहा वाजून गेले होते. त्यांची खोली म्हणजे रेल्वेच्या जुन्या क्वार्टरपैकी एक, मधे मोठं आवार, पलीकडे शेड. थंडी मरणाची, पण चालणं असं किती? सिगरेट संपेपर्यंतचं.

फाटकावर चौकीदार होता. म्हातारा नव्हे, चांगला तगडा, कानटोपी घालून मोबाईलवर सिनेमा बघत बसलेला. ह्याला बघून तो हसला.

“काय साहेब, परत? आता काय विसरलं?”

“परत म्हणजे?”

“आत्ताच तर चष्मा घेऊन गेलात.”

पंचनाम्याच्या मनात पाल चुकचुकली, पण भुताची नव्हे हं. त्याला वाटलं, चोर हाच. चष्म्याची फ्रेम भारी होती. गिऱ्हाईकाने मागण्याआधीच ‘तुम्हीच नेलात’ म्हणून मोकळं व्हायचं. असले नमुने त्याने आयुष्यभर बघितले होते.

“मी नेला? नीट बघ माझ्याकडे.”

चौकीदाराने उठून नीट बघितलं. “तुम्हीच. हाच स्वेटर. माझ्याकडून चावी घेतलीत, दिलीत. थँक्यू पण म्हणालात.”

“मी कुणाला थँक्यू म्हणत नाही,” साडू म्हणाला. आणि हे मात्र खरं आहे.

झालं, ह्याने हट्टच धरला. मला आत जाऊन डबा बघू दे, नाहीतर मॅनेजरला उठवतो. चौकीदाराने चावी दिली, बॅटरी दिली.

“तू चल बरोबर.”

“मी नाही येत आत.”

“का?”

“फाटक सोडून जाता येत नाही, साहेब.”

एवढंच बोलला आणि खाली बघायला लागला. साडूने तेही मनात टिपून ठेवलं.

शेडचं दार ढकललं. आत मिट्ट काळोख. बॅटरीच्या उजेडात एकेक इंजिन पुढे येत होतं आणि मागे जात होतं. दिवसा इथे पोरं चढत-उतरत होती, घंटा वाजवत होती. आता... काही नाही. त्याच्याच बुटांचा आवाज. चालता चालता त्याने सहज एका इंजिनाला हात लावला.

गरम होतं.

त्याने हात काढला. पुन्हा लावला. गरमच. चहाच्या किटलीला लागावं तसं. पाटी तर दुपारीच वाचली होती, चाळीस वर्षांत ह्यात कुणी विस्तव घातला नाही म्हणून. माझ्या साडूने काय केलं असेल? दुसऱ्या इंजिनाला हात लावला! ते थंडगार. तिसरं थंड. म्हणजे एकच गरम. तो मला म्हणाला, “मला वाटलं, ही लोकं रात्री चोरून ह्याच्यावर काहीतरी उद्योग करतात.” तेव्हाही त्याला माणसांचाच संशय!

सलूनच्या डब्यात चढला. खुर्च्या पाहिल्या, खाली वाकून पाहिलं, गालिचा उचलला. चष्मा नाही. खिडकीशी दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. त्यातल्या एकीची मखमल दबलेली होती. तो बघत असताना ती हळूहळू वर आली... आत्ताच कुणी उठून गेल्यावर येते तशी.

आता मात्र तो उतरावं म्हणून वळला, आणि डब्याच्या खिडकीतून, शेडच्या जाळीपलीकडे, त्याला आवारापलीकडचं क्वार्टर दिसलं. त्यांची खोली. दिवा चालू. पडदा अर्धा उघडा. खुर्चीत मेहुणी बसलेली, पाठमोरी.

तिच्यासमोर कुणीतरी बसलं होतं.

पुरुष होता. ती त्याच्याशी बोलत होती, हात हलवून, घरच्या माणसाशी बोलावं तशी. मग तो उठला. खिडकीशी आला. सरळ शेडच्या दिशेने बघितलं... आणि पडदा ओढला.

हा धावत सुटला. बॅटरी कुठे पडली, कळलं नाही. फाटकावर चौकीदार उभाच होता. ह्याला शेडमधून येताना बघितलं आणि तो दोन पावलं मागे सरला. हातात काठी घेतली.

“तुम्ही... तुम्ही तर चावी घेऊन आत गेलात ते मघाशीच बाहेर पडलात, साहेब.”

“माझ्या बायकोच्या खोलीत कोण आहे?”

चौकीदाराची काठी तशीच पुढे धरलेली.

आता इथून पुढचं बाहेरचं जे आहे, ते मला त्याने सांगितलं. आतलं मेहुणीने तिच्या बहिणीला सांगितलं, म्हणजे तुमच्या काकूला. एकदाच. पुन्हा विचारायचं नाही, या अटीवर.

आत असं झालं होतं. नवरा लगेच परत आला. “सापडला,” म्हणाला. समोर बसला. चष्मा हातात धरलेला. हिने हात पुढे केला, तर म्हणाला, “राहू दे. आता झोपायचंच आहे ना?” हिला जरा विचित्र वाटलं. एवढ्या थंडीत चष्म्यासाठी जायचं, आणि आणून द्यायचा नाही? पुन्हा मागितला. पुन्हा तेच, “राहू दे.” आवाज त्याचाच. बसण्याची ढब त्याचीच. चेहरा? चेहरा हिला दिसतच नव्हता. मग तो उठला, पडदा ओढला, दाराला कडी घातली. आणि म्हणाला, “कुणी दार वाजवलं तर उघडू नकोस.”

तेवढ्यात दार वाजलं.

“कोण आहे?”

“मी. दार उघड.”

ती समोरच्या आकाराकडे बघायला लागली.

“अगं, मी आहे! उघड आधी!”

आतून आवाज आला. पुरुषाचा. साडू मला म्हणाला, “माझाच आवाज, माझा मलाच ऐकू आला. म्हणत होता... उघडू नकोस.”

ह्याने दारावर लाथा घातल्या. आतला काही ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, “बघ, कसा करतोय.”

मेहुणी धीराची बाई. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, “दोघंही गप्प बसा.” दोघंही बसले. मग तिने विचारलं, “लग्न झाल्यावर आपण पहिल्यांदा कशावरून भांडलो?”

बाहेर ह्याने तोंड उघडलं. त्याच्या आधी आतून उत्तर आलं.

“पडद्यावरून. तुला पिवळे हवे होते.”

बरोबर होतं.





विचार करा. जन्मभर लोकांकडे पुरावे मागितलेला माणूस. दाराबाहेर उभा. आणि आपण आपण आहोत, याचा पुरावा त्याच्याकडे नाही.

 मग दाराला तोंड लावून अगदी हळू म्हणाला, “हे बघ, मला काही सिद्ध करता येत नाही. मी तो नाही असं वाटत असेल तर वाटू दे. तू फक्त त्या खोलीतून बाहेर ये. माझ्याजवळ थांबू नकोस. सरळ चौकीदाराकडे पळ. मी बाजूला होतो.”

आणि तो खरंच बाजूला झाला. पार आवारात जाऊन उभा राहिला.

कडी वाजली. खुर्ची पडली. दार उघडलं... ती बाहेर. अनवाणी. पळत फाटकापर्यंत गेली आणि चौकीदाराच्या मागे उभी राहिली.

साडू खोलीत गेला. दिवा चालू होता. खिडकी आतून बंद. खाटेखाली कुणी नाही, न्हाणीत कुणी नाही. दार एकच, आणि तिथून ती एकटीच बाहेर आली होती. टेबलावर चष्मा होता, काड्या मिटून नीट ठेवलेला.

तो चष्मा घेऊन फाटकाशी आला. दुरूनच हात लांब करून दिला. तिने तो डोळ्यांना लावला. आणि नवऱ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं, म्हणे. चौकीदारसुद्धा तिच्या तोंडाकडे बघत होता, की ही आता काय म्हणते... ही पुढे झाली आणि त्याचा हात धरला.

उजाडेपर्यंत तिघं चौकीत बसून होते. चौकीदाराने काठी खाली ठेवली नाही. सकाळच्या पहिल्या गाडीने दोघं उतरले.

नाही गं, संपलं नाही. तू जे विचारणार आहेस ना, ते मी काकूला त्याच दिवशी विचारलं होतं. बाहेर होता तोच खरा कशावरून? काकू माझ्यावर खेकसली. पण तुम्हीच सांगा. माझा साडू तीस वर्षांत कधी म्हणाला असता, ‘मला सिद्ध करता येत नाही’? आता दूधवाल्याशी गोड बोलतो. इस्त्रीवाल्याला थँक्यू म्हणतो. मेहुणी परवा तुमच्या काकूला सांगत होती, “ताई, इतके चांगले कधीच वागले नव्हते गं.” सांगताना हसत होती. मग एकदम हसायची थांबली.

गेल्या रविवारी दोघं इथे जेवायला होते. जेवण झालं. तो उठून त्या बेसिनशी गेला, हात धुवायला. मी त्याच्या मागेच उभा होतो, माझा नंबर यायची वाट बघत. नळ सोडला. पाणी त्याच्या हातावरून पडलं... आणि खाली काळं गेलं.

मला वाटलं, पाइपात घाण असेल. त्याने साबण लावला. हात स्वच्छच होते रे, मी बघत होतो. पुन्हा पाणी सोडलं. पुन्हा काळं. बारीक बारीक कण, कोळशाचे असतात तसे, पांढऱ्या बेसिनभर. तिसऱ्यांदा... तेच.

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं.

मी नजर बेसिनकडे वळवली. 

मागून मेहुणी आली. तिने वाकून नळ मोठा सोडला, बेसिन हाताने निपटून काढलं, सवय असल्यासारखं. मग पर्स उघडली आणि त्याच्यापुढे नॅपकिन धरला.

आमचा नव्हता तो. घरूनच घेऊन आली होती. काळ्या रंगाचा.