एका नावाची दोन उत्तरे

सकाळचे ऊन सागरमाचीवर सावकाश येते. आधी ते दूरच्या पाण्यावर नुसते फिकट असते, त्याला रंग म्हणावा असे काही नसते. मग या तरत्या वसाहतीच्या कडेची पिंपे उजळतात, त्यांच्यावरचे शेवाळ हिरवे दिसू लागते. वाळत घातलेल्या जाळ्यांतून ऊन फळ्यांवर उतरते आणि बारीक चौकटी पाडत पुढे सरकते. एखाद्या खिडकीपाशी ते थबकते, आतल्या तांब्यावर जरासे थरथरते आणि कुणाची वाट न पाहता आत जाते. इसवी सन २०७४ मधल्या त्या सकाळीही ते तसेच आले, आणि बारा वर्षांच्या केतकीला त्याचाच राग आला. एका निरपराध यंत्राचे तुकडे करायचे ठरले होते, त्या दिवशी उन्हाने इतके शांत असावे?

ते यंत्र म्हणजे यंत्रमानव टिटवी. खाडीच्या मुखाशी वाळूचा उंचवटा आहे. त्यावर किती पाणी आहे ते दर पाव तासाने मोजायचे आणि सागरमाचीच्या संकेतस्थळावर लिहायचे, हे टिटवीचे काम. परवा केतकीचे बाबा ते आकडे पाहून होडी घेऊन निघाले. संकेतस्थळावर पाणी होते अकरा फूट. खाडीत होते चार. होडी वाळूवर आदळली आणि बाबांचा पाय मोडला. पंचायतीच्या प्रमुख शेवंताबाईंनी चौकशी न करताच निकाल दिला : टिटवीने खोटे आकडे लिहिले, शुक्रवारी दुपारी बाराला तिला मोडीत काढा.

आज शुक्रवार होता.

"आबा, तुम्ही समुद्रशास्त्रज्ञ ना? हे संकेतस्थळ तुम्हीच उभं केलंत ना? मग बोलत का नाही?" केतकीने आजोबांना विचारले.

"पंचायतीनं ठरवलंय, बाळा," आबा पुटपुटले.

केतकीने रागाने आपली शाळेची संगणकी पाटी आणि बाबांचा फोन शेजारी शेजारी आपटले. दोन्हींवर संकेतस्थळाचे एकच नाव लिहिले. पाटीवर आकडा आला सहा फूट. फोनवर अकरा.

"आता मोजलेलं पाणी सहाच आहे," खाडीतल्या आपल्या मापकाकडून आकडा घेत दाराशी उभी असलेली टिटवी म्हणाली. "म्हणजे मी अर्धीच खोटारडी ठरते. कुठला अर्धा भाग मोडायचा, तेवढं शेवंताबाईंना विचारून ठेव."

"गप गो! तुला विनोद सुचतायत!" केतकी ओरडली. मग तिचा आवाज उतरला. "पण एकाच नावाची दोन उत्तरं कशी?"

प्रश्न इतका चांगला होता की आबांना गप्प बसवेना. "संगणकाला नावावरून वाट सापडत नाही, त्याला अंकी पत्ता लागतो," ते म्हणाले. "म्हणून तो आधी डीएनएसला (नावावरून यंत्राचा अंकी पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेला) विचारतो. प्रत्येक नावाचं एक अधिकृत दप्तर असतं (त्या नावाच्या नोंदी सांभाळणारे संगणक). खरं उत्तर तिथंच. वाटेतले संगणक ते ऐकतात आणि काही काळ लक्षात ठेवतात."

"म्हणजे वाटेतल्यांना विचारून उपयोग नाही. थेट दप्तराला विचारू."

तिने विचारले. पडद्यावर एक नव्हे, दोन पत्ते उमटले. एकाच्या शेवटी ४१, दुसऱ्याच्या शेवटी २७.

"एक्केचाळीस म्हणजे संकेतस्थळाचं नवं यंत्र. मी तिथंच लिहिते," टिटवी म्हणाली. "सत्तावीस म्हणजे फळ्यांखालच्या तळघरातलं जुनं. ते आपण बारा दिवसांपूर्वी सोडलं. त्यावरचा माझा शेवटचा आकडा होता अकरा. पानावर तारीख छापायची सोय कुणी केलीच नाही."

"दोन पत्ते असले की काय होतं, आबा?"

"दप्तर दोन्ही सांगतं, क्रम बदलून. ज्याच्या हाती जो आधी येईल, त्या यंत्राकडे तो जातो."

केतकी ताडकन उभी राहिली. "म्हणजे बारा दिवस कितीतरी होड्या शिळ्या आकड्यांवर खाडीत जात होत्या! आणि शिक्षा कुणाला? जिनं पाणी बरोबर मोजलं तिला? एकानंही दुसरा फोन उघडून पाहिला नाही?"

"कुणाकडून तरी राहून गेलं असेल," आबा खिडकीबाहेर पाहत म्हणाले.

केतकीने आबांच्या परवलीच्या शब्दाने दप्तर उघडले, सत्तावीसची नोंद काढली आणि पुन्हा विचारले. आता एकच पत्ता आला. पण बाबांच्या फोनवर अजून अकराच.

"हे काय? अजून तेच!"

"वाटेतल्यांची आठवण आहे ती," आबा म्हणाले. "प्रत्येक नोंदीला स्मरणमुदत असते (उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचे याची मर्यादा). आपली एक तासाची आहे."

"तोवर कुणी खाडीत गेलं तर? जुनं यंत्र आधी बंद कर," टिटवी म्हणाली.

केतकी तळघरात धावली. बंद आहे असे सगळ्यांना सांगितलेले ते यंत्र हिरवा दिवा लावून निवांत चालू होते. तिने त्याची तार उपसली तेव्हा साडेनऊ वाजले होते.

पावणेअकराला बाबांच्या फोनवर आकडा आला : आठ फूट. टिटवीने पाणी मोजले होते तेही आठच. केतकी दोन्ही पडदे घेऊन पंचायतीत शिरली, आणि टिटवी नि आबा तिच्या मागोमाग.

शेवंताबाईंनी सगळे ऐकून घेतले, आकडे दोनदा ताडून पाहिले.

"मोडीचं रद्द," त्या म्हणाल्या.

"नुसतं रद्द नाही! तिची माफी मागा!"

"जीभ भारी चालते गो तुझी." पण शेवंताबाई उठल्या आणि टिटवीपुढे त्यांनी हात जोडले. मग त्यांनी ठरवले, की उद्यापासून प्रत्येक आकड्याशेजारी तारीख आणि वेळ असेल. पत्ता बदलला की शाळेतली दोन मुले दप्तराला थेट विचारून खात्री करतील. पहिली केतकी. "पुढच्या साली तुम्ही मुलंच हे सगळं सांभाळाल," त्या म्हणाल्या. "पण ती नोंद काढायला विसरलं कोण?"

आबा सावकाश उभे राहिले.

"नवी होडी पंधरवडाभर दर्यात जाऊन येईपर्यंत जुनीचं नाव वहीतून खोडायचं नाही, ही आपली रीत," ते म्हणाले. "मला नव्या यंत्राचा भरवसा वाटेना. जावयाचा पाय मोडला त्याच दिवशी मला कळलं होतं, शेवंता. ती नोंद विसरली नव्हती. मीच ती ठेवली होती."